बिली हॉलिडे कशी ऐकावी : पहिल्यांदाच जॅझकडे वळणाऱ्यांसाठी

जॅझ ऐकून बघावंसं वाटतं, कुणीतरी बिली हॉलिडे या अमेरिकन गायिकेचं नाव सुचवतं, आपण मोबाइलवर ते टाकतो आणि समोर संग्रहांचा ढीग येतो. पहिलं गाणं बहुधा 'स्ट्रेंज फ्रूट', दुसऱ्यात नुसती खरखर, तिसऱ्यात व्हायोलिनांचा पूर, चौथ्यात आवाजच निराळा. अर्ध्या तासात आपला निकाल लागतो : बाई दुःखी होती, थोर असेल, पण आपल्याला काही कळलं नाही बुवा.

नाट्यसंगीत आणि भावगीतांवर वाढलेला कान घेऊन मीही असाच तिच्या गाण्यांत शिरलो. वाट सापडायला वेळ लागला, कारण जो तो तिचं आयुष्य सांगायचा, गाणं कुठून आणि कसं ऐकायचं ते कुणी सांगत नव्हतं. माझ्या मते बिलीचं मोठेपण तिच्या लयीत आहे, आणि ती लय सर्वांत स्वच्छ ऐकू येते १९३५ ते १९४२ या काळातल्या गाण्यांत. त्यातही आनंदी, चटपटीत गाण्यांत. म्हणून हा लेख मुख्यतः त्याच सात वर्षांबद्दल आहे.

आधी एवढं जमवा

- कानात नीट बसणारे साधे हेडफोन. महागडे नकोत, पण मोबाइलच्या स्पीकरवर बास (खर्जात ठेका धरणारं मोठं तंतुवाद्य) अजिबात ऐकू येत नाही आणि इथे बासवाचून काम अडतं.
- तारखा आणि वादकांची नावं दिलेली, ध्वनिमुद्रणाची सत्रवार यादी. जॅझवाले तिला डिस्कोग्राफी म्हणतात. कुठलं गाणं, कोणत्या दिवशी, कोण वाजवतंय, एवढं तिच्यात असतं. इंटरनेटवर फुकट मिळते.
- गाण्याचे शब्द, कागदावर किंवा पडद्यावर. इंग्रजी चांगलं येत असलं तरी.
- शक्य असेल तर कोलंबियाने काढलेली 'क्विंटेसेन्शियल बिली हॉलिडे' ही नऊ भागांची मालिका. गाणी कालक्रमाने लावलेली आहेत आणि एका गाण्याचा एकच टेक, म्हणजे एका वेळी गाऊन केलेलं एकच मुद्रण आहे. २००१ साली आलेला दहा सीडींचा संपूर्ण संच नंतर घ्या. त्यात पर्यायी टेकही आहेत, आणि नवख्या माणसाचा त्यात गोंधळ उडतो.

शोधताना गाण्यांची नावं रोमन लिपीतच टाका. आणि एका बैठकीला चारच गाणी ऐका. तेव्हा स्टुडिओतही एका सत्रात साधारण चारच गाणी व्हायची.

१. कुठल्या काळातली बिली ऐकताय ते ठरवा

बिलीचा जन्म १९१५चा, मृत्यू १९५९चा. पहिली ध्वनिमुद्रिका १९३३च्या नोव्हेंबरात, क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या बँडबरोबर. तिथून शेवटापर्यंत तिच्या आवाजाची तीन-चार रूपं आहेत, आणि ऐकणारे ती एकमेकांत मिसळतात तेव्हाच घोळ होतो.

१९३५ ते १९४२ : ब्रन्सविक, व्होकॅलियन आणि ओके या लेबलांवरच्या छोट्या बँडबरोबरच्या मुद्रिका, पुढे सगळ्या कोलंबियाच्या नावाखाली आलेल्या. आवाज तरुण, हलका, किंचित आंबट. आपलं घर इथेच.

१९३९ आणि १९४४ : कमोडोर. लय संथ, सूर गंभीर.

१९४४ ते १९५० : डेका. मोठा वाद्यवृंद, 'लव्हर मॅन'मागची व्हायोलिनं.

१९५२ ते १९५७ : निर्माता नॉर्मन ग्रान्झकडची गाणी, आज व्हर्व्हच्या नावाने मिळणारी. आवाज जाड झालेला, साथीदार मात्र अव्वल.

१९५८ : 'लेडी इन सॅटिन'. आवाज झिजलेला, मागे रे एलिसचा तंतुवाद्यांचा ताफा. पुष्कळ जण इथूनच सुरुवात करतात, कारण अल्बम प्रसिद्ध आहे. करू नका. तरुणपणी ती काय करायची ते कानात असल्याशिवाय त्या अल्बममध्ये तिने काय राखलं आणि काय गेलं, हे कळायचं नाही.

२. आपण तेच गाणं ऐकतोय ना, याची खात्री करा

सर्वांत जास्त लोक इथे फसतात. बिलीने तीसच्या दशकातली बरीच गाणी पन्नासच्या दशकात पुन्हा गायली. 'व्हॉट अ लिटल मूनलाइट कॅन डू' १९३५चंही आहे आणि १९५४चंही. 'आय विश्ड ऑन द मून'चंही तसंच. स्वस्त संग्रह काढणारे दोन्ही काळांतली गाणी एकत्र कालवतात आणि वर साल घालतात ते संग्रह निघाल्याचं.

ओळखायचं कसं? तीन खुणा सांगतो.

पहिली, नाव. १९३५पासूनची पुष्कळ गाणी मुळात 'टेडी विल्सन अँड हिज ऑर्केस्ट्रा' या नावाने निघाली. लेबलावर बिली खाली, बारीक अक्षरांत, व्होकल म्हणून. त्यामुळे काही ठिकाणी ती पियानोवादक टेडी विल्सनच्या खात्यात सापडतात. १९३६पासून व्होकॅलियनवर तिच्या स्वतःच्या नावाने मुद्रिका येऊ लागल्या. दोन्हींची घडण वेगळी आहे : विल्सनच्या मुद्रिकांत आधी वाद्यं, मग मध्यावर बिली, मग पुन्हा वाद्यं. तिच्या स्वतःच्या मुद्रिकांत बहुतेक वेळा सुरुवातीलाच ती गाते आणि शेवटाला परत येते.

दुसरी खूण, लांबी. ७८ आरपीएमच्या दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची. गाणं साडेचार मिनिटं चाललं तर ते एलपीच्या, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीच्या जमान्यातलं.

तिसरी, 'स्टिरिओ' हा शब्द. १९३७च्या गाण्याखाली तो दिसला की पुढे सरका. मूळ मोनो आहे, नंतर कुणीतरी ते दोन कानांत फाडलेलं असतं. खरखर पार धुऊन काढलेल्या आवृत्त्यांपासूनही जपून राहा. खरखरीबरोबर ड्रमच्या थाळ्यांची सळसळ आणि सॅक्सोफोनमधला श्वासही गेलेला असतो. थोडी खरखर असू द्या. जुन्या नाट्यपदांच्या तबकड्या ऐकणाऱ्याला तिचं काय एवढं?

३. तीन मिनिटांची आखणी समजून घ्या

आपल्याकडे त्याच दशकात अब्दुल करीम खाँसाहेब तीन मिनिटांच्या मुद्रिकेत राग उभा करत होते. जागेची तीच टंचाई इथेही आहे, आणि तिच्यावर काढलेला तोडगा आपल्याला सहज समजण्यासारखा.

बहुतेक गाणी ३२ मात्रागटांची, प्रत्येक गटात चार मात्रा. गटाला ते बार म्हणतात. आठ-आठ बारचे चार तुकडे : पहिला चालीचा, दुसरा त्याच चालीचा, तिसरा वेगळ्या चालीचा, चौथा पुन्हा पहिल्या चालीचा. तिसऱ्याला ब्रिज म्हणतात. हे ३२ बार म्हणजे एक कोरस, आपल्या डोक्यात सोयीसाठी एक मोठं आवर्तन समजा. मध्यम लयीच्या गाण्यात तबकडीच्या एका बाजूवर अशी तीनेक आवर्तनं बसतात. एक किंवा दोन बिलीला, बाकीची वादकांना वाटून.

मोजायला शिकण्यासाठी 'मीन टू मी' घ्या. गाणं १९२९चं, बिलीचं मुद्रण मे १९३७चं. ती गायला लागली की बोटांवर आठ बार मोजा, मग पुन्हा आठ. त्यानंतर चाल वळते आणि ती तक्रार करते, की तू वर्षभर माझ्याशी कोरडाच वागतोस. तो ब्रिज. तो संपला की पहिली चाल परत. दोन-चारदा मोजलंत की पुढे मोजावं लागत नाही.

सवयीची एक अडचण मात्र येणार. आपला कान समेची वाट बघतो. इथे सम दणकून येत नाही. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर चुटकी वाजते, आणि नवा तुकडा सुरू झाला हे मुख्यतः स्वरसंगतीच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या) वळणावरून कळतं. तोल जायला लागला तर गायिकेला सोडून बासला धरा. तो बारला चार ठोके इमानाने देत असतो.

४. साधी चाल आधी कानात बसवा

बंदिश माहीत नसेल तर गायकाने तिचं काय केलं ते कळत नाही. इथेही तेच. बिली चाल जशीच्या तशी क्वचितच गाते, म्हणून ती कुठे वळली हे समजायला आधी चाल हवी.

सर्वांत सोयीचं उदाहरण 'द वे यू लुक टुनाइट'. जेरोम कर्नची चाल, डोरोथी फील्ड्सचे शब्द, १९३६च्या 'स्विंग टाइम' चित्रपटात फ्रेड अस्टेअरने गायलेलं. त्याला त्या वर्षीचं ऑस्कर मिळालं. अस्टेअरचं गाणं ऐका : नेटकं, स्वच्छ, चाल अगदी कागदावर लिहावी तशी. दोन-तीनदा ऐकून गुणगुणता येईल इतकं करा. मग बिलीचं ऐका, त्याच वर्षी ऑक्टोबरात टेडी विल्सनबरोबर मुद्रित झालेलं. अस्टेअर जिथे सूर लांबवतो तिथे ती शब्द उच्चारून मोकळी होते, आणि तो जिथे सरळ चालतो तिथे ती रेंगाळते. पहिल्या ऐकण्यात एवढाच फरक टिपा.

५. ठेक्याच्या मागे चालणारा शब्द पकडा

हा या सगळ्यातला गाभा, म्हणून इथे सावकाश जा.

२ जुलै १९३५. न्यूयॉर्कचा स्टुडिओ, बिली वीस वर्षांची. पियानोवर टेडी विल्सन, ट्रम्पेटवर रॉय एल्ड्रिज, क्लॅरिनेटवर बेनी गुडमन, टेनर सॅक्सोफोनवर बेन वेब्स्टर, ड्रमवर कोझी कोल. त्या दिवशीची चारही गाणी मिळतात. त्यातलं 'व्हॉट अ लिटल मूनलाइट कॅन डू' लावा.

लय भलतीच द्रुत आहे. गुडमन सुरुवात करतो आणि बँड घाईत गाडी पकडायला निघाल्यासारखा धावत सुटतो. मग बिली येते, 'ऊ ऊ ऊ' करत. घाई तिच्या गावीही नाही. खालचा ठेका धावतोय आणि वर ती निम्म्या वेगाने चालतेय, असं वाटतं. पण ती कुठेही मागे पडत नाही. ओळीचा पहिला शब्द मात्रेवर यायला हवा तिथे येत नाही, किंचित उशिरा येतो. पुढचे दोन शब्द जवळजवळ सरकतात आणि ओळ संपताना ती बरोब्बर ठिकाणावर असते.

हे ऐकू येण्यासाठी असा सराव करा. पायाने चार मात्रा धरा, बासबरोबर. पाय हलू द्यायचा नाही. आता फक्त एका ओळीचा पहिला शब्द ऐका : पायाबरोबर पडला, आधी पडला की नंतर? पुढच्या ओळीचाही पहिलाच शब्द. एवढंच. पूर्ण गाणं एकदम ऐकायला गेलात तर पाय तिच्याबरोबर सरकायला लागेल, सगळ्यांचाच सरकतो. तसं झालं की थांबवा आणि पुन्हा बास पकडा. द्रुत गाण्यात जमेना तर त्याच सत्रातलं 'मिस ब्राउन टू यू' घ्या, त्याची लय आटोक्यातली आहे.

ठुमरीत बोल मागेपुढे करणारे गायक आपण ऐकलेले असतात, म्हणून हा प्रकार अगदीच परका वाटत नाही. फरक असा, की बिली त्यासाठी सूर वाढवत नाही. ना हरकत, ना मुरकी, शब्द बोलल्यासारखा येतो. मी ज्यांना ज्यांना ही गाणी ऐकवली, त्यातल्या निम्म्यांनी पहिल्यांदा विचारलं, 'हिने केलं काय पण?' तानेच्या तयारीवर गायक जोखायची सवय असेल तर हा प्रश्न येणारच. त्यावर उपाय वर सांगितला तोच, पाय आणि बास.

ही लय तिने कुठून घेतली? ती स्वतः दोन नावं घ्यायची : ब्लूज गायिका बेसी स्मिथचा भरदार आवाज आणि ट्रम्पेटवादक-गायक लुई आर्मस्ट्राँगची भावना आपल्याला हवी होती, असं ती सांगे. आर्मस्ट्राँगचं 'ऑल ऑफ मी' १९३२चं आहे, बिलीचं १९४१चं. लागोपाठ ऐका. चाल वाकवायची हिंमत कुठून आली ते दिसेल, आणि आर्मस्ट्राँगचा मोकळा हुंकार तिने किती आत घेतला तेही.

आत घेणं शक्य झालं ते मायक्रोफोनमुळे. विजेच्या मायक्रोफोनवर मुद्रण १९२५च्या सुमाराला सुरू झालं. बेसी स्मिथ तंबूत आणि नाट्यगृहांत शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकत वाढली होती. बिलीला ती गरज उरली नाही. मायक्रोफोनसमोर ती शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तितक्याच जोराने गाते.

६. सूर मोजू नका, सुराखाली काय बदलतं ते ऐका

बिलीचा पल्ला सप्तकाच्या थोडा पलीकडे, एवढाच. मूळ चालीत मोठी उडी असेल तर ती बहुधा टाळते. चालीच्या टेकड्या सपाट करून तीन-चार सुरांतच फिरते, कधी एकच सूर पाच-सहा शब्दांवर धरून ठेवते. तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाला हे गरीब वाटतं.

पण इथे तानपुरा नाही. आपल्याकडे षड्ज पाया म्हणून हलत नाही, म्हणून गंधार हा गंधारच राहतो. या गाण्यांत पियानो आणि गिटार दर बारला किंवा दोन बारला स्वरसंगती बदलतात. वर बिलीने धरलेला सूर तोच असला तरी खालची जमीन बदलली की त्याची चव बदलते : आत्ता स्थिर होता, आता टोचायला लागला, पुढच्या बारला पुन्हा निवला. मूळ चाल सूर बदलून जे सांगते, ते ती सूर न बदलता टेडी विल्सनच्या डाव्या हाताकडून सांगवते.

यासाठी 'ईझी लिव्हिंग' ऐका, जून १९३७चं. लय सावकाश, पियानो स्पष्ट. एकदा फक्त पियानो, मग फक्त बिली, मग दोन्ही. राग शोधायला जाऊ नका. 'हा अमुक रागासारखा वाटतो' या खेळात गंमत असते, पण त्या नादात खालची हलणारी जमीन निसटते.

ओळीच्या शेवटी सूर हलकेच घसरून खाली येतो, तिकडेही कान ठेवा. ती तिची सही आहे आणि शेवटच्या वर्षापर्यंत टिकली.

७. लेस्टर यंगला शोधा

२५ जानेवारी १९३७. काउंट बेसीचा बँड कॅन्सस सिटीहून नुकताच न्यूयॉर्कला आला होता. निर्माता जॉन हॅमंडने त्यातले चार वादक विल्सनच्या सत्राला बसवले : ट्रम्पेटवर बक क्लेटन, बासवर वॉल्टर पेज, ड्रमवर जो जोन्स आणि टेनर सॅक्सोफोनवर लेस्टर यंग. त्या काळी देशभर गाजणारा बेनी गुडमनही तिथे साधा साथीदार म्हणून होता. बिली एकवीस वर्षांची, लेस्टर सत्तावीसचा. या दोघांची एकत्र मुद्रणं इथून सुरू होतात. तिने त्याला 'प्रेझ' नाव दिलं, त्याने तिला 'लेडी डे'.

'धिस इयर्स किसेस' लावा. अर्व्हिंग बर्लिनचं गाणं, त्याच वर्षीच्या एका चित्रपटासाठी लिहिलेलं. सुरुवातीला लेस्टर चाल वाजवतो. तोवरचे टेनरवाले कोलमन हॉकिन्सच्या धर्तीवर जाड, घुमारदार आवाज काढायचे. लेस्टरचा आवाज कोरडा, हलका, कंप जवळजवळ नाहीच. तोही मात्रेच्या मागे रेलून वाजवतो. मग बिली गायला लागते, आणि आधीच्या आवर्तनात वाद्य बोलत होतं की माणूस, असा प्रश्न पडतो. ती सॅक्सोफोनसारखी गाते म्हणा किंवा तो तिच्यासारखा वाजवतो म्हणा, कोणी कोणाचं घेतलं हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

दुसरं गाणं 'अ सेलबोट इन द मूनलाइट', जून १९३७. गाणं म्हणून यात काही दम नाही. चांदणं, शिडाची होडी, तू आणि मी. कार्मेन लोंबार्डो आणि जॉन जेकब लोब यांनी लिहिलेलं, गाय लोंबार्डोच्या गुळगुळीत बँडने गाजवलेलं. मिळालं तर लोंबार्डोचं आधी ऐका, साखरेत बुडवलेलं आहे. मग बिलीचं.

हे तीनदा ऐकायचं. पहिल्यांदा फक्त बिली. दुसऱ्यांदा तिला पूर्ण विसरून मागे वाजणारा टेनर : ती थांबते तिथे तो शिरतो, ती शिरली की तो खाली वाकतो, पण बोलणं सोडत नाही. तिसऱ्यांदा दोघं एकत्र, आणि आता फक्त सांधे बघा. तिच्या ओळीचा शेवट आणि त्याच्या वाक्याची सुरुवात यांत किती अंतर आहे? काही ठिकाणी अंतरच नाही, दोघं एकाच वेळी बोलतात आणि तरी कोणी कोणाला अडवत नाही. हार्मोनियमवाला गायकाचीच ओळ मागून आणतो, तसली ही साथ नाही. लेस्टर स्वतःचं वेगळं वाक्य बोलतो.

'क्विंटेसेन्शियल' मालिकेचा तिसरा आणि चौथा भाग या काळाचा. दोनच भाग घ्यायची ऐपत असेल तर हेच घ्या. लेस्टरशिवायच्या गाण्यांतही अशी संगत आहे : ३० जून १९३६च्या 'आय क्राइड फॉर यू'मध्ये ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधला जॉनी हॉजेस आल्टो सॅक्सोफोनवर सुरुवात करतो आणि इतकं गोड वाजवतो की नंतर येणाऱ्या गायिकेची काळजी वाटावी.

८. शब्द वाचा, पण शब्दांवर विसंबू नका

ही गाणी नाटकांसाठी, चित्रपटांसाठी आणि न्यूयॉर्कच्या प्रकाशकांच्या बाजारासाठी लिहिलेली. काही गर्शविन, कर्न, बर्लिन अशांची. काही निव्वळ भरताड. बिली दोन्हींना सारखीच वागवते, किंबहुना भरताडात तिला जास्त मोकळीक मिळते असं मला वाटतं, कारण तिथे मोडण्यासारखं काही नसतंच.

शब्द समोर ठेवून ऐकताना ती कोणता शब्द सोडून देते ते बघा. कवीने ज्या शब्दावर जोर धरलेला असतो तो ती अनेकदा सहज, जाता जाता म्हणते आणि भलत्याच शब्दावर थांबते. त्यामुळे भाबडी ओळ उपरोधिक होते, रडकी ओळ कोरडी होते. 'मीन टू मी'मधली तक्रार ऐका. छळाविषयीचं गाणं आहे, पण गाणारी मनातून हसतेय की काय अशी शंका येत राहते.

म्हणूनच तिचं चरित्र आधी वाचू नका. १९४७चा तुरुंगवास, त्यानंतर न्यूयॉर्कच्या क्लबांत गायचा परवाना जाणं, व्यसन, चव्वेचाळिसाव्या वर्षी मरण हे सगळं खरं आहे आणि भयंकर आहे. पण ते डोक्यात ठेवून १९३५ची वीस वर्षांची मुलगी ऐकली तर तिच्या थट्टेतही हुंदका ऐकू यायला लागतो, जो तिथे नाही. 'स्ट्रेंज फ्रूट'चंही तसंच. अमेरिकेत काळ्या माणसांना झाडाला लटकवून मारलं जाई, त्याविषयीचं एबल मीरोपोलचं ते गाणं. कोलंबियाने नकार दिल्यावर एप्रिल १९३९मध्ये कमोडोरने ते काढलं. ते एकटं, वेगळं ऐका. चांदण्याच्या गाण्यांच्या रांगेत ते ठेवणाऱ्या संग्रहांची मला चीड येते.

९. एकच गाणं दोन वयांत

पहिल्या आठ पायऱ्या अंगवळणी पडल्या, की मग पुढचा काळ उघडा. 'दीज फूलिश थिंग्ज' हे इंग्लंडातून आलेलं गाणं तिने १९३६ साली टेडी विल्सनबरोबर गायलं आणि पुन्हा १९५२ साली ऑस्कर पीटरसनच्या पियानोवर. १९३६मध्ये आठवणींची यादी ती वाचत जाते, विमानाचं तिकीट, शेजारच्या घरातला पियानो, आणि ठेका तिला पुढे नेत राहतो. १९५२मध्ये ठेका तिच्यासाठी थांबतो. आवाज खाली उतरलाय, शब्दांमध्ये जागा वाढलीय. कुठलं चांगलं हे विचारू नका. मला स्वतःला १९३६चं जवळचं, पण १९५२चं ऐकून झाल्यावर हे मत काही वेळ डळमळतं.

इथेच एक चित्रफीत बघायची आहे. ८ डिसेंबर १९५७ रोजी सीबीएस वाहिनीवर 'द साउंड ऑफ जॅझ' हा कार्यक्रम थेट प्रक्षेपित झाला. त्यात बिलीचं 'फाइन अँड मेलो' आहे. हे ३२ बारचं गाणं नाही, १२ बारचा संथ ब्लूज आहे, म्हणजे इथे एक आवर्तन बारा बारचं. भोवती बेन वेब्स्टर, कोलमन हॉकिन्स, रॉय एल्ड्रिज आणि लेस्टर यंग. लेस्टरच्या वाट्याला एकच कोरस येतो, थोडक्यात सूर, मध्ये मोकळ्या जागा. त्या वेळी त्याच्याकडे न बघता बिलीच्या चेहऱ्याकडे बघा, ती मान हलवत दाद देते. याच नावाची एलपीही आहे, पण ती काही दिवस आधी मुद्रित झालेली आणि वेगळी. तुम्हाला हवं ते प्रक्षेपण आहे.

१०. अडलात तर

सगळी गाणी सारखीच वाटायला लागली : एका वेळी जास्त ऐकताय. एकच गाणं घ्या आणि दर वेळी वेगळ्या वाद्यामागे जा.

आवाज चिरका वाटतो : आवृत्ती बदलून बघा. फरक पडला नाही तर आवाज थोडा कमी करून ऐका.

शब्द कळत नाहीत : आधी वाचा, मग कागद उलटा ठेवून ऐका.

घरचे वैतागतात : व्होकॅलियनवाल्या द्रुत गाण्यांपासून सुरू करा. सी. रामचंद्रांची गाणी आवडणाऱ्यांना यातली ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट ओळखीची वाटतात, आणि त्याला कारणही आहे. तीसच्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये लिऑन अ‍ॅबी, टेडी वेदरफोर्ड असे आफ्रिकन-अमेरिकन वादक वाजवून गेले. त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी हा बाज उचलला. त्यातलाच चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेव्हियर वाझ, पुढे सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवत होता.

११. इथून पुढे कुठे

मागे जायचं असेल तर 'सेंट लुई ब्लूज' हे डब्ल्यू. सी. हँडीचं १९१४चं गाणं घ्या. बेसी स्मिथने १९२५मध्ये ते गायलं, साथीला लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट आणि एक हार्मोनियमसारखं पायपेटीचं वाद्य, बस्स. बिलीने ऑक्टोबर १९४०मध्ये बेनी कार्टरच्या बँडबरोबर गायलं. बेसीचं आधी ऐका, पाय धरून. ती लय ओढत नाही, लयीवर वजन टाकते. मग बिलीचं लावा आणि पाचव्या पायरीतला तोच सराव करा, ओळीचा पहिला शब्द पायाच्या आधी की नंतर.